होडीवरची साठवलेली वीज

जमिनीवर राहणाऱ्या माणसाला विजेचा हिशेब करावा लागतो तो महिनाअखेर, बिल हाती आल्यावर. भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागतो. त्यामागे कोठेतरी धरण आहे, जनित्रे आहेत, शेकडो मैल पसरलेल्या तारा आहेत, याची आठवणही होत नाही. होडीची गोष्ट निराळी आहे. धक्क्याला बांधलेला दोर सुटला की किनाऱ्याशी असलेला हा संबंध तुटतो, आणि मग तिच्या पोटात ठेवलेल्या एक-दोन पेट्यांत जेवढी वीज भरलेली असेल तेवढीच तिची शिदोरी. मध्यरात्री मोठ्या जहाजाच्या मार्गात सापडलेल्या मचव्याचा दिवा, किनाऱ्याला हाक घालणारा बिनतारी संच, तळाशी शिरलेले पाणी उपसणारा पंप आणि बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करणारी मोटर ही सारी त्या पेट्यांच्या भरवशावर असतात. तो भरवसा खोटा ठरला तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही.

ही पेटी म्हणजे विद्युत्‌घटांची माळ. व्यवहारात तिला बॅटरी म्हणतात. ती होडीवर कशी आली, दोनदा तेथून कशी हटली आणि पुन्हा कशी आली, हा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात मोठमोठ्या शास्त्रज्ञांची नावे येतात. परंतु घट होडीवर टिकतो की नाही, हे प्रत्येक वेळी दोन साध्या प्रश्नांवर ठरलेले दिसते. कामाला साजेसा घट निवडला होता काय, आणि त्याची निगा राखण्याची जबाबदारी कोणावर नेमून दिलेली होती काय?

इ. स. 1800च्या मार्च महिन्यात इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र धाडले. जस्ताच्या व चांदीच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा अशी चळत रचली असता तीतून विजेचा अखंड प्रवाह मिळतो, हे त्याने त्या पत्रात कळविले होते. तोवर वीज म्हणजे क्षणात लोपणारी ठिणगी होती. आता ती वाहू लागली. त्यानंतर चाळीस वर्षेही लोटली नाहीत तोच या प्रवाहाने होडी ढकलण्याचा प्रयोग झाला. पोट्‌सडॅम येथे जन्मलेला आणि रशियाच्या झारच्या आश्रयाने काम करणारा मोरिट्‌झ याकोबी हा त्या प्रयोगाचा कर्ता. 1838च्या सप्टेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर सुमारे 28 फूट लांबीच्या नौकेत त्याने 320 घट मांडले, आपली विद्युत्‌मोटर वल्ह्यांच्या चाकांना जोडली आणि डझनभर माणसे बसवून ती नौका चालवून दाखविली. तिची गती पायी चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी होती. पुढील वर्षी त्याने ग्रोव्हचे अधिक जोरकस घट वापरले आणि गती वाढविली. परंतु त्या घटांत प्लॅटिनमसारखा मौल्यवान धातू लागे, आणि त्यांतील नत्राम्लातून तपकिरी, घुसमटवणारी, विषारी वाफ निघे.

याकोबीची नौका चालली, पण तिचा प्रपंच चालण्याजोगा नव्हता. या घटांत जस्त हळूहळू झिजते आणि त्या झिजेतून वीज मिळते. म्हणजे बंबात जसा कोळसा जळतो तसे घटात जस्त जळते. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने लौकरच हिशेब मांडून दाखविला की, एक पौंड जस्तापासून मिळणारे काम एक पौंड कोळशापासून मिळणाऱ्या कामाहून कमी असून जस्ताची किंमत मात्र कितीतरी अधिक आहे. ज्या घटाचे इंधन संपले की तो फेकून द्यावा लागतो, असा घट नौकेच्या कामाचा नाही, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघाला. रिकामा झाल्यावर पुन्हा भरता येईल, असा घट हवा होता.

तो 1859 साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने तयार केला. शिशाचे दोन पत्रे, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कापडाच्या पट्ट्या, आणि हे सारे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडविलेले, एवढीच त्याची रचना. बाहेरून वीज दिली की ती या घटात साठे आणि मागितली की परत मिळे. अडचण एकच होती. पत्र्यांची पृष्ठे साठवणीला तयार होण्यासाठी घट पुनःपुन्हा भरावा व उतरवावा लागे, आणि त्यात आठवडेच्या आठवडे जात. दोन दशकांनंतर कामीय फोर याने ही अडचण दूर केली. त्याने पत्र्यांवर शिशाच्या तांबड्या भस्माचा लेप दिला. हे भस्म म्हणजे ज्याला मराठीत परंपरेने शेंदूर म्हणतात ते द्रव्य होय. या लेपामुळे घट थोड्याच वेळात तयार होऊ लागला आणि त्यात पुष्कळ अधिक वीज मावू लागली. 1881च्या मे महिन्यात फोरच्या भरलेल्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगो येथे विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ख्यात झालेले शास्त्रज्ञ, यांच्याकडे पोहोचविण्यात आली. सुमारे तीन दिवसांच्या प्रवासानंतरही त्या पेटीतील वीज शाबूत होती. वीज पेटीत भरून गावोगाव नेता येते, ही गोष्ट त्या काळी वृत्तपत्रांना नवल वाटण्याजोगी होती.

त्याच महिन्यात पॅरिसमध्ये सीन नदीवर ग्युस्ताव त्रुवे याने आपली छोटी होडी चालवून पाहिली. हिची लांबी जेमतेम 5 मीटर होती. मोटर सुकाणूलाच जोडलेली होती आणि ती उचलून घरी नेता येई. आज होडीच्या मागे अडकविण्याच्या ज्या मोटरी सर्वत्र दिसतात त्यांची ही पूर्वज म्हणावयास हरकत नाही. त्रुवेने मात्र जुन्या जातीचे, जस्त झिजविणारेच घट वापरले होते. भरता येणाऱ्या घटांचा खरा कस लागला तो पुढील वर्षी टेम्स नदीवर. 1882च्या सप्टेंबरात आन्टोन रेकेन्झाउन या अभियंत्याची ‘इलेक्ट्रिसिटी’ नावाची सुमारे 25 फूट लांबीची लोखंडी नौका 45 घटांच्या बळावर लंडनच्या पुलापर्यंत गेली. तिची गती ताशी सुमारे 8 मैल होती. चारच वर्षांनी, 13 सप्टेंबर 1886 रोजी, ‘व्होल्टा’ नावाच्या 37 फुटी नौकेने एकदाच भरलेल्या 61 घटांवर इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरहून कॅले गाठले आणि ती परतही आली. ही नौका इतकी निःशब्द चालत होती की, वाटेत लाटांवर झोपलेला एक समुद्रपक्षी नाविकाने हाताने पकडला, अशी हकीकत सांगतात.

या विक्रमांहून अधिक बोध मिळतो तो त्यानंतरच्या, फारशा न गाजलेल्या व्यवस्थेतून. 1888च्या सुमारास मोरिट्‌झ इमिश याच्या कंपनीने टेम्सच्या काठाने घट भरण्याची ठाणी उभारण्यास आरंभ केला. काही ठाणी काठावर होती, तर काही खुद्द पाण्यावर तरंगणाऱ्या पडावांवर. दिवसभर सहल करून आलेली नौका संध्याकाळी ठाण्याला लागे. तेथील माणूस घटांतील आम्ल तपासी, कमी झालेले पाणी घाली आणि रात्रभर वीज भरून सकाळी नौका परत देई. 1893च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हीच पद्धत अवलंबिली गेली. तेथील कृत्रिम कालव्यांवर पन्नासहून अधिक विजेच्या नौका धावत होत्या. त्यांचे घट आसनांखाली आणि तळाशी ठेवलेले असत व ते रात्री भरले जात. त्या एका मोसमात दहा लाखांवर प्रवाशांनी या नौकांतून प्रवास केला. या यशाचे श्रेय घटांना जितके आहे, तितकेच ते नित्यनेमाने भरणाऱ्या आणि तपासणाऱ्या हातांना आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पेट्रोलवर चालणारी इंजिने हलकी आणि भरवशाची झाली आणि विजेच्या नौकांचा काळ ओसरला. शिकागोच्या नौका बांधणारी कंपनीच पुढे इंजिनांच्या नौकांकडे वळली, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आरमारासाठी टॉर्पेडो डागणाऱ्या वेगवान नौका तिने बांधल्या. घटांचे वजन फार होते, हे याचे एक कारण. परंतु दुसरे कारण असे की, ठाण्यापासून दूर गेलेल्या खाजगी मालकाच्या हाती हे घट लौकर मरत. ते का मरत, याचा उलगडा शास्त्रज्ञांनी एव्हाना केलेला होता.

1882 साली ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, घट उतरत असताना त्याच्या दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बनते आणि आम्ल पातळ होत जाते. घट भरताना हीच क्रिया उलट होते. म्हणून आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजले की घटात किती वीज उरली आहे ते कळते. भरलेल्या घटात ते 1.26 ते 1.28च्या आसपास असते, आणि उतरलेल्या घटात 1.15च्याही खाली जाते. उष्ण प्रदेशासाठी मुळातच थोडे पातळ आम्ल भरण्याची पद्धत आहे. उतरलेला घट तसाच पडून राहिला तर सल्फेटचे कण वाढून कठीण होतात आणि मग वीज देऊनही ते विरघळत नाहीत. घट वापराने जितका मरतो त्याहून अधिक तो उतरलेल्या स्थितीत ठेवल्याने मरतो, ही गोष्ट आजही अनेक नौकामालकांना पैसे मोजल्यावर कळते. 1897 साली प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने आणखी एक नियम मांडला. वीज जितक्या घाईने काढावी तितकी ती एकूण कमी मिळते. 100 अँपिअर-तासांची बॅटरी 5 अँपिअरचा प्रवाह 20 तास देऊ शकते, पण 25 अँपिअर काढू लागल्यास ती पुरते 4 तासही पुरत नाही.

यांखेरीज दोन धोके होते. घट भरण्याच्या अखेरीस त्यातील पाण्याचे पृथक्करण होऊन हायड्रोजन वायू सुटतो. बंद खणात तो साचला आणि ठिणगी पडली, तर स्फोट होतो. दुसरा धोका खाऱ्या पाण्याचा. समुद्राचे पाणी घटांतील आम्लात शिरले की विषारी क्लोरीन निर्माण होतो. पाण्याखाली घटांच्या बळावर चालणाऱ्या पाणबुड्यांवरील नाविकांना ही भीती सदैव असे. लहान नौकेतही बॅटरी तळाच्या पाण्यापासून उंचावर, हवेशीर पण शिंतोडे न येतील अशा जागी, पट्ट्याने घट्ट बांधून ठेवावी, हा नियम या अनुभवातूनच आला.

नौका चालविण्याच्या कामावरून बॅटरी हटली, तरी 1912च्या सुमारास ती दुसऱ्याच दोन कामांसाठी रुजू झाली. चार्ल्स केटरिंग याने मोटारगाडीचे इंजिन विजेने सुरू करण्याची युक्ती काढली आणि 1912च्या कॅडिलॅक गाड्यांवर ती बसविली गेली. हँडल फिरविण्याचे कष्ट आणि त्यात हात मोडण्याची भीती संपली. हीच युक्ती पुढे नौकांच्या इंजिनांवर आली. त्याच वर्षी ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर अमेरिकेने कायदा केला की, प्रवासी जहाजावरील बिनतारी यंत्राला मुख्य जनित्रापासून स्वतंत्र अशी वीज निदान 4 तास पुरली पाहिजे. जहाज बुडू लागले की जनित्राची खोली आधी पाण्याखाली जाते. मदतीची हाक मात्र त्यानंतरही चालू राहावयास हवी.

या दोन कामांतील फरक ध्यानात घेणे म्हणजेच बॅटरीची निवड करणे होय. इंजिन सुरू करण्यास शेकडो अँपिअरचा प्रवाह लागतो, पण काही सेकंदच. त्यासाठीच्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ संख्येने बसविलेले असतात. दिवे, बिनतारी संच, मासळीचा आणि खोलीचा ठाव घेणारे यंत्र यांना थोडाच प्रवाह लागतो, पण तो तासन्‌तास लागतो. त्यासाठी जाड पत्र्यांची, खोलवर उतरणे सोसणारी बॅटरी हवी. पातळ पत्र्यांच्या बॅटरीवर रात्रभर दिवे जाळले तर काही आठवड्यांतच तिचा जीव जातो. मोटारीची बॅटरी स्वस्त मिळाली म्हणून होडीत बसविणे, ही चूक म्हणूनच महागात पडते.

बॅटरी केवढी घ्यावी, याचाही हिशेब साधा आहे. समजा, एका मचव्यावर रात्रीच्या 10 तासांत दिव्यांना 2 अँपिअर, बिनतारी संचाला सरासरी 1 आणि खोली मोजणाऱ्या यंत्राला 1 अँपिअर लागतो. एकूण खर्च 40 अँपिअर-तास झाला. शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, या नियमाप्रमाणे निदान 80, आणि जुनेपणासाठी काही राखून ठेवावयाचे तर 100 अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावयास हवी. इंजिन सुरू करण्याची बॅटरी हिच्यापासून वेगळी असावी. सारी वीज दिव्यांत जळून पहाटे इंजिनच सुरू होऊ नये, अशी पाळी त्यामुळे येत नाही. ती खर्चलेली वीज परत कशी भरली जाणार, याचाही विचार त्याच वेळी करावा लागतो. इंजिन अर्धा तास चालविले की बॅटरी भरली, असा समज आढळतो. बॅटरी पाऊणभर झाली की पुढची वीज ती अगदी सावकाश घेते, आणि तो शेवटचा भाग भरण्यास कित्येक तास लागतात. हा भाग रोजच अपुरा राहिला, तर सल्फेट दिवसेंदिवस कठीण होत जाते. छपरावर बसविलेला लहानसा सौर फलक दिवसभर थोडीथोडी वीज देऊन ही उणीव भरून काढतो.

कोकणच्या किनाऱ्यावर निगेची सर्वांत मोठी परीक्षा पावसाळ्यात होते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, लाकडाला तेलपाणी होते. पण खणातली बॅटरी जर तशीच राहिली, तर उष्ण आणि दमट हवेत ती आपोआप उतरत जाते, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास इंजिन सुरू करण्याची वेळ येते तेव्हा ती गेलेली असते. उपाय फार थोड्या कष्टांचा आहे. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्याकाठी एकदा पूर्ण भरावी. प्रत्येक घटात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, आम्ल नव्हे. अग्रांवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, मात्र हे पाणी घटात जाऊ देऊ नये, आणि मग अग्रांवर व्हॅसलीनचा हात फिरवावा. विसावलेल्या बॅटरीचा दाब 12.7 व्होल्ट असेल तर ती भरलेली, 12.2 असेल तर अर्धी, आणि 12च्या खाली असेल तर ती त्याच दिवशी भरावयास घ्यावी.

हे सारे मनुष्य विसरतो, हे ओळखूनच उत्पादकांनी पुढची पावले टाकली. 1957 साली जर्मनीत आम्लाचा गर करून घट सीलबंद केले गेले. 1970च्या दशकात आम्ल काचतंतूंच्या चटईत जिरविण्याची पद्धत आली. पाणी घालण्याचे काम उरले नाही, आणि नौका कलंडली तरी आम्ल सांडण्याची धास्ती गेली. परंतु जास्त वीज देऊन एकदा का पाणी उडाले, की ते परत घालण्याची सोयही उरली नाही. त्यानंतर लिथियमचे युग आले. 1980 साली जॉन गुडइनफ यांनी आणि 1985 साली अकिरा योशिनो यांनी केलेल्या कामातून 1991 साली हे घट बाजारात आले. 2019 साली या दोघांना, या मार्गाचे आद्य संशोधक स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. तेवढीच वीज साठविणारी लिथियमची बॅटरी शिशाच्या बॅटरीच्या काही अंशच वजनाची असते, आणि अर्ध्यापेक्षा पुष्कळ अधिक उतरविली तरी तिला इजा होत नाही.

वजनाचा अडसर दूर होताच विजेची नौका परत आली, आणि ती भारतातही आली. 2017च्या जानेवारीत केरळात वैकम आणि तवणक्कडवू यांच्या दरम्यान ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची सौर नौका सुरू झाली. तिच्या छपरावर 20 किलोवॅटचे सौर फलक आहेत आणि पोटात लिथियमचे घट. 2023च्या एप्रिलमध्ये कोची येथे विजेच्या नौकांची जलमेट्रो सुरू झाली. तेथे धक्क्यांवर वीज भरण्याची सोय आहे. इमिशच्या टेम्सकाठच्या ठाण्यांचीच ही सुधारलेली आवृत्ती होय. लिथियमच्या घटांवर आता विद्युत्‌यंत्रणेचा पहारा असतो. प्रत्येक घटाचा दाब आणि उष्णता पाहून ती वीज तोडते वा जोडते. तरीही पहारेकऱ्यावर पहारा लागतोच. 2019च्या ऑक्टोबरात नॉर्वेतील एका फेरीबोटीच्या घटांच्या खोलीत शीतक द्रव गळून आग लागली आणि दुसऱ्या दिवशी तेथे स्फोट झाला. शिशाचा घट दुर्लक्षिला तर तो मरतो; लिथियमचा घट बिघडला तर तो पेटतो. म्हणून लहान नौकेसाठी उष्णतेत अधिक शांत राहणाऱ्या लोह-फॉस्फेट जातीचे घट पसंत केले जातात, आणि त्यांना शिशाच्या बॅटरीचा चार्जर डोळे मिटून लावू नये, असे बजावले जाते.

जोशुआ स्लोकम 1895 ते 1898 या काळात ‘स्प्रे’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, तेव्हा त्याच्या नौकेवर रॉकेलचा दिवा होता, बॅटरी नव्हती. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तोवर काळ पालटलेला होता. अशा प्रवासात दिवे, स्थाननिश्चिती आणि किनाऱ्याशी बोलणे हे सर्व साठवलेल्या विजेवर चालते. कोळी बांधवांच्या साध्या मचव्यावरही आता उपग्रहामार्फत संकटाची सूचना देणारे यंत्र असू शकते. इस्रोने तयार केलेली अशी यंत्रे 2010पासून वापरात आहेत. यंत्र कितीही कुशल असले, तरी त्याच्या बॅटरीची मुदत टळलेली असेल तर ते मुके राहते. बंदराच्या धक्क्यावर, उजेड असताना, पाच मिनिटे खर्चून झाकण उघडणे, अग्रे पाहणे आणि दाब मोजणे हे काम तांडेलाने एका खलाशाला नेमून द्यावे. याकोबीपासून आजवरच्या इतिहासाने नौकेवरच्या माणसांसाठी शिल्लक ठेवलेले काम एवढेच आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला करता येण्याजोगे नाही.